बांधकामावरची धूळ: हॉक्स नेस्टचा बोगदा

बांधकामावर तपासणी आली की आधी हेल्मेट आणि परांच्या पाहतात. साहजिकच आहे, पडलेला माणूस लगेच दिसतो. धुळीने आजारी पडलेला मजूर मात्र तोवर काम सोडून गावी गेलेला असतो.

१९३० साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात हॉक्स नेस्टला जलविद्युत प्रकल्पासाठी सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा खोदायला घेतला. मजूर बहुतेक बाहेरून आलेले कृष्णवर्णीय. खडकात सिलिका भरपूर. ड्रिलवर पाणी सोडलं की धूळ बसते, हे तेव्हाही माहीत होतं. पण कोरडं काम झपाट्याने उरकतं. एरवी सिलिकोसिस व्हायला बरीच वर्षं लागतात. इथे काही महिन्यांतच धडधाकट माणसांना धाप लागू लागली. डॉक्टर न्यूमोनिया म्हणत, कुणी 'टनेलायटिस' (असा आजारच नाही!). पुढे १९८६ मध्ये डॉ. मार्टिन चेर्निॲक यांनी काढलेला मृतांचा अंदाज ७६४ होता.

सिलिकाने फुप्फुसात पडलेले व्रण जात नाहीत आणि अशा फुप्फुसाला टीबीही लवकर धरतो. तुम्ही ग्रॅनाइट, फरशी किंवा काँक्रीट कापत असाल, तर पात्यावर पाण्याची धार हवीच; तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. आणि खोकला घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर काम काय करता ते आधी सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.