माधवी कवेलूवर चढली तेव्हा

"तुझी ते माधवी कवेलूत घुसली," रविवारी सकाळी आईचा फोन. "काल पाणी आलं तं सैपाकघरात टपटप टपटप. उपटू काय तिले?"

थांब म्हटलं. दोन दिवस थांब.

तर झालं असं. अल्लीपूरचं आमचं घर अर्धं नवं, अर्धं जुनं आहे. मागे स्लॅब, पुढे कवेलू. तीन वर्षांपूर्वी आई म्हणाली होती, फाटकाजवळ एखादी वेल लाव, पण गुणाची पायजे. मी तेव्हा नुकताच 'देशी झाडं लावा' पंथाला लागलो होतो. पुण्यातल्या एका नर्सरीत 'माधवी, देशी वेल' अशी पाटी दिसली. साक्षात कालिदासाची माधवी, आणि तीही दीडशे रुपयांत! घेतली, रेल्वेत मांडीवर धरून वर्ध्यापर्यंत नेली, फाटकाजवळ लावली आणि पुढचं वर्षभर ऑफिसात ज्याला त्याला सांगत सुटलो.

पहिल्या बहारालाच खरं तर शंका यायला हवी होती. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. आई म्हणालीसुद्धा, "हे तं मधुमालती आहे. आमच्या शाळेच्या कमानीवर होती." मी इंजिनीअर माणूस, पाटीवर विश्वास ठेवला. :)

आता गळती लागल्यावर मुकाट्याने वाचायला बसलो. आईचं बरोबर होतं. पण वाचता वाचता भलतीकडेच गेलो.

माधवी म्हटलं की मेघदूत आठवतं. शिक्षा म्हणून घरापासून वर्षभर लांब पाठवलेला यक्ष रामगिरीवर बसून ढगाला आपल्या घरचा पत्ता सांगतो. हा पत्ता म्हणजे निव्वळ लँडमार्क आहेत, आपण डिलिव्हरीवाल्याला सांगतो तसे. पाचूच्या पायऱ्यांची विहीर, बायकोने पोटच्या पोरासारखं वाढवलेलं मंदाराचं रोपटं, आणि कोरांटीचं कुंपण घातलेला माधवीचा मांडव, शेजारी तांबडा अशोक आणि बकुळ. थोडक्यात, घरच्या बागेचा नकाशाच.

आणि हा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हे मत हिरिरीने मांडलं. (सगळ्यांना ते मान्य नाही, छत्तीसगडातल्या रामगढचाही दावा आहे. मी विदर्भातला असल्यामुळे माझं मत सांगायला नको.) त्या काळी इथे वाकाटकांचं राज्य होतं. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांकडे दिलेली. नवरा लवकर गेल्यावर मुलांच्या नावाने तिने कारभार पाहिला. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडलेल्या तिच्या ताम्रपटात रामगिरीस्वामीचा उल्लेख आहे. तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन याने राजधानी प्रवरपूरला हलवली, आणि मिराशींच्या मते हे प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार. हो, तेच पवनार, जिथे १९३८ मध्ये विनोबा राहायला आले आणि आश्रमाची जमीन खणताना जुनी शिल्पं निघाली. धाम नदीच्या पुलावरून मी कितीदा गेलो असेन, पण तिथे पंधराशे वर्षांपूर्वी राजधानी होती हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. किंवा शाळेत सांगितलं असेल आणि मी मागच्या बाकावर असेन.

असो. माधवी.

खरी माधवी म्हणजे हिप्टेज बेंगालेन्सिस. संस्कृतात अतिमुक्त, मराठीत हळदवेलही म्हणतात. मधु म्हणजे चैत्र, आणि ही वसंतात फुलते म्हणून माधवी. पांढरी, गुलाबी झाक असलेली फुलं, पाकळ्यांच्या कडा झालरीसारख्या कातरलेल्या, पाचांपैकी एका पाकळीवर पिवळा डाग, आणि वास असा की बाग भरून जावी. फळाला तीन पंख. वाऱ्यावर ते भिंगरीसारखं गरगरत जातं. हिप्टेज हे नावही 'उडणे' या ग्रीक शब्दावरून आलंय. लिनियसने १७५३ मध्ये तिची नोंद केली. १७८९ मध्ये शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम जोन्सने पुढे भारतीय वनस्पतींवर जे टिपण लिहिलं, त्यातही अतिमुक्त आहे. कलकत्त्याचा न्यायाधीश, संस्कृतचा पंडित, आणि कवीने वर्णिलेली वेल नेमकी कुठली हे प्रत्यक्ष फूल बघून ठरवायच्या मागे लागलेला! मला हा माणूस एकदम आपला वाटला.

आणि आमच्या कवेलूत घुसलेली बाई? तिची जन्मकथाच गोंधळाची. डच कंपनीच्या नोकरीत अंबोन बेटावर राहणाऱ्या रुम्फियसने सतराव्या शतकात तिचं वर्णन केलं. हा माणूस १६७० मध्ये आंधळा झाला, तरी ग्रंथ लिहितच राहिला. मलय भाषेत तिचं नाव उदानी. ते डच भाषेतल्या 'कसलं?' अशा अर्थाच्या शब्दासारखं ऐकू आलं, म्हणून लॅटिनमध्ये क्विसक्वालिस, म्हणजे 'कोण? कसली?' असं नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. लिनियसने १७६२ मध्ये तेच कायम केलं (हल्ली शास्त्रज्ञ तिला कोंब्रेटममध्ये घालतात). इंग्रजांनी रंगून क्रीपर म्हटलं. आपण मधुमालती म्हटलं, आणि त्या 'मधु'च्या धाग्याने ती हळूच माधवीच्या खुर्चीत जाऊन बसली. जिचं नावच 'कोण?' तिने दुसऱ्याचं नाव घ्यावं, हे ठीकच म्हणा.

नावांच्या बाबतीत आपण तसे दिलदार. बोगनवेल ब्राझीलची. १७६७ मध्ये बोगनव्हिलच्या जहाजावरचा कोमर्सों रिओ द जानेरोला उतरला तेव्हा ती युरोपीय शास्त्रज्ञांच्या हाती लागली. संक्रांतवेलही तिकडचीच, सण मात्र आपला. कृष्णकमळ तर कळस. दक्षिण अमेरिकेत ते फूल पाहून मिशनऱ्यांना ख्रिस्ताचा काटेरी मुकुट आणि खिळे दिसले. आपल्याकडे त्याच फुलात शंभर कौरव, पाच पांडव आणि मधे कृष्ण. महाभारतात ते फूल कुणी पाहिलेलं असणं शक्यच नाही.

इथवर आल्यावर मी ठरवलं होतं की बास, आता खरी माधवी आणायची. मग एक यादी समोर आली. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवजाती, आययूसीएनच्या तज्ज्ञगटाने २००० साली काढलेली. त्यात आपली घाणेरी आहे. ही एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेत आली आणि आज मध्य भारताच्या जंगलात तिच्याखाली गवत उगवत नाही. आणि त्याच यादीत हिप्टेज बेंगालेन्सिस. यक्षाच्या अंगणातली माधवी! कुणी तरी फुलांसाठी तिला मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर नेली. तिथे ती झाडांवर चढून त्यांना पार झाकून टाकते, रियुनियनच्या कोरड्या जंगलाचे उरलेसुरले तुकडे गिळते. तिथले लोक तिला फुलपाखरी वेल म्हणतात आणि कोयत्याने तोडतात.

हे वाचून जरा वेळ नुसताच बसलो. इकडे सह्याद्रीच्या रानात ती शहाण्यासारखी राहते, कारण तिच्याएवढेच दांडगे शेजारी आणि पानं खाणाऱ्या अळ्या सोबत वाढल्यात. बेटावर त्यातलं कुणी नाही. म्हणजे गुणाची वेल ही काही रोपाच्या पाटीवर लिहिता येण्यासारखी गोष्ट नाही. शिवाय देशी असली तरी माधवी म्हणजे दांडगी काष्ठवेल, मोठ्या झाडावर शेंड्यापर्यंत जाते. यक्षाकडे छाटायला नोकर असतील. आमच्याकडे गुडघे दुखणारी आई आणि कवेलू.

आईला फोन करून सगळं सांगितलं. वाकाटकांपर्यंत तिने हूं हूं केलं. मग म्हणाली, "आजीची जुई होती तेच बरी होती."

कुठली जुई? मला आठवेचना.

तर आमच्या सांदवाडीत न्हाणीच्या दगडाशेजारी आजीची जुई होती. अंगणातल्या दोन बल्ल्यांवर चढवलेली. उन्हाळ्यात इकडे पारा पंचेचाळीस ओलांडतो, काळी माती हातभर भेगाळते, पण आंघोळीचं पाणी रोज मुळाशी जायचं म्हणून ती तगायची. मागे स्लॅब पडला, बाथरूम झालं, पाइप टाकून पाणी नालीला काढलं. जुई दोन उन्हाळ्यांत वाळली. कुणी तोडली नाही. आम्ही प्लंबिंग केलं, एवढंच.

जुई, संस्कृतात यूथिका. मेघदूतात तीही आहे: यक्ष ढगाला सांगतो, जाता जाता नदीकाठच्या बागांतल्या जुईच्या कळ्यांवर थोडं पाणी शिंपड. शास्त्रीय नाव जास्मिनम ऑरिक्युलेटम, कारण पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी दोन बारीक पानं. दक्षिण भारतातली, म्हणजे आपल्या दख्खनचीच. देठ बारीक, नुसते वेटोळे घालत चढते. भिंतीत मुळं घुसवत नाही, कवेलू उचलत नाही. जानेवारीच्या शेवटी छाटली की नव्या फुटीवर कळ्या धरतात. जास्तीत जास्त काय, तर मांडव भरेल.

नर्सरीत गेलो नाही. आर्वीच्या आत्याने फार पूर्वी त्याच जुईची फांदी मातीत दाबून रोप नेलं होतं, ते अजून तिच्या दारात आहे. तिच्याकडून दाब कलम आणलं आणि मृगात, फाटकाशी नाही तर स्वयंपाकघराच्या मागे लावलं, जिथे भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी आईला दारातूनच टाकता येतं. मधुमालती काढताना मात्र घाम निघाला. बुंधा मनगटाएवढा झाला होता, सव्वीस कवेलू बदलावे लागले.

परवा आईने फोटो पाठवला. जुईला हातभर फूट आलीय, दोन्ही कान दिसतायत. फोटोच्या कोपऱ्यात, पायरीच्या फटीतून, मधुमालतीचा एक तांबूस कोंब वर आलाय. आईला अजून सांगितलेलं नाही.