खंडव्याचा फलाट आणि आजचा प्लग

आम्हा इंदूरकर मराठी मंडळींच्या घरात खंडव्याची एक तरी आठवण असतेच. मुंबई-भुसावळकडून येणारी मोठी गाडी आम्हाला खंडव्याला सोडून पुढे जाई. मग ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या आणि मुलेबाळे सांभाळत फलाट बदलायचा आणि छोट्या गाडीत जागा धरायची. सनावद, नर्मदेचा पूल, कालाकुंडचा घाट, पातालपाणी, महू करीत ती गाडी इंदूरला पोचे. चिनी बनावटीच्या विजेच्या मोटारी दारात येऊ लागल्या आहेत. अशा वेळी त्या फलाटाचा इतिहास पुन्हा उजळून पाहावा, असे आम्हाला वाटते.

इंदूरला रेल्वे यावी म्हणून महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. खंडव्यावरून जाणाऱ्या जी.आय.पी. रेल्वेचे रूळ १६७६ मिलिमीटर रुंदीचे होते. आमचा मार्ग मात्र लवकर आणि कमी खर्चात व्हावा म्हणून एक मीटर रुंदीचा झाला. १ डिसेंबर १८७४ रोजी खंडवा-सनावद टप्पा सुरू झाला आणि ५ ऑक्टोबर १८७६ रोजी महाराजांच्या हस्ते नर्मदेच्या पुलाचे उद्घाटन झाले. पहिले इंजिन हत्तींनी ओढून इंदुरात आणले, असे आजही कौतुकाने सांगतात. पैसा आमच्या संस्थानाचा होता, पण रुळांचे माप शेजारच्या मार्गाशी जुळले नाही. त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या प्रवाशांनी आणि हमालांनी खंडव्याच्या फलाटावर मोजली. घाटातला टप्पा रुंद करण्याचे काम अजून चालू आहे. मुंबईला जायला आम्ही उज्जैन-रतलाम-बडोदामार्गे जाणारी अवंतिका धरतो.

विजेच्या वाहनांतही असेच घडत गेले. चिनी वाहन प्रथम आमच्या रस्त्यांवर आले ते ई-रिक्षाच्या रूपाने. सुटे भाग चीनचे आणि जुळणी इथली. त्यात बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या असत आणि रात्री घरच्या साध्या प्लगवर त्या भरत. कायदा मागून आला. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथे या रिक्षांवर बंदी घातली, तेव्हा कुठे २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन त्यांना स्थान मिळाले. राजवाड्याच्या परिसरात ई-रिक्षा रुजली, कारण तिने वेगळे चार्जिंग केंद्र मागितलेच नाही.

मोटारीचे तसे नाही. २०१७ मध्ये आपल्याकडे ‘भारत डीसी-००१’ हे मानक आले. त्याचा प्लग चीनच्या ‘जीबी/टी’ घाटाचा, पण शक्ती फार तर १५ किलोवॉट. तो त्या वेळच्या छोट्या देशी मोटारींच्या बेताचा होता. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने सार्वजनिक केंद्रावर पाच प्रकारचे चार्जर ठेवायला सांगितले. त्यात जपानी होते, युरोपीय होते आणि देशीही. इतका खर्च कोणाला झेपणार? २०१९ मध्ये ही अट सैल करावी लागली. २०२० पासून मोठ्या बॅटरीच्या मोटारी आल्या त्या युरोपातल्या ‘सीसीएस-२’ प्लगच्या. गंमत अशी की, चिनी मालकीच्या एमजीची हालोलला जुळणी होणारी झेडएस ईव्ही आणि पुढे बीवायडीच्या मोटारी याच प्लगने आल्या. चीनमध्ये त्यांना जीबी/टी असते, इथे मात्र कंपन्यांनी आपल्या केंद्रांप्रमाणे तोंड बदलून घेतले. चिनी घाटाच्या प्लगचे जुने चार्जर त्यांच्या कामाचे राहिले नाहीत.

प्लग जुळला तरी घरचा प्रश्न उरतोच. झेडएस ईव्हीची पहिली बॅटरी ४४.५ किलोवॉट-तासांची होती. १५ अँपियरच्या घरगुती प्लगवर ती पूर्ण रिकामी असल्यास भरायला तेरा तासांहून अधिक लागणार. एका मोटारीचे निभेल. पण एका इमारतीत दहा मोटारी एकाच रात्री लागल्या, तर मंजूर वीजभार पुरेल का? मीटर कोणाच्या नावावर? तळमजल्यावरची केबल कोणी बदलायची?

तुकोजीरावांच्या काळी मापाचा निर्णय कलकत्त्यातल्या सरकारने केला, आम्हाला कोणी विचारले नाही. आज आमच्या इमारतीतला निर्णय आमच्याच हाती आहे. तेव्हा गणपती विसर्जनानंतर सोसायटीची सभा होईल, तिच्या विषयपत्रिकेत वीजभार, मीटर आणि चार्जिंगची जागा हे विषय जरूर घ्यावेत. मोटार दारात येण्याआधीच तारा-मीटरचे ठरलेले असावे, एवढेच आमचे सांगणे आहे.