‘म्युनिसिपालिटी’ ते ‘नगरपालिका’

मराठी बोलीत ‘मुन्शिपालटी’ म्हणून रुळलेल्या शब्दाचे कूळ लॅटिनमधील ‘मुनिकिपियुम’ या संज्ञेत असून, ‘मुनुस’ म्हणजे वाट्याला आलेले कर्तव्य आणि ‘कापेरे’ म्हणजे पत्करणे, अशी तिची फोड केली जाते. रोमने इटलीतील जी नगरे आपल्या सत्तेखाली आणली, त्यांतील अनेकांच्या रहिवाशांना रोमसाठी लढावे लागे व कर द्यावा लागे, परंतु रोममधील निवडणुकीत मत नसे. भार पत्करणारे हे लोक ‘मुनिकिपेस’ आणि त्यांचे नगर ‘मुनिकिपियुम’. संज्ञेच्या मुळाशी कचेरी नसून माणसे होती, ही बाब तिच्या पुढील प्रवासात बहुतांशी विसरली गेली.

हा भार प्रत्यक्षात कसा असे, हे स्पेनमध्ये सेव्हिलजवळ १९८१ साली सापडलेल्या कांस्यपटांवरून कळते. इर्नी या लहानशा गावाची सनद त्यांवर कोरलेली आहे. तिच्यानुसार ६३ सभासदांची सभा कारभार पाही आणि सार्वजनिक बांधकामासाठी रहिवाशांकडून अंगमेहनतीचे दिवस घेता येत, मात्र वर्षाला माणशी पाचाहून अधिक नव्हे. वेठीला कायद्याने घातलेली ही मर्यादा त्या पटांतील सर्वांत मोलाची गोष्ट मानावी लागेल.

भारतात ही संज्ञा इंग्रजी अमलाबरोबर आली. मुंबईत १८६५ च्या कायद्याने कारभार सरकारनियुक्त ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींकडे व आयुक्ताकडे होता. १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावेत असे ठरले, परंतु मताचा हक्क ठरावीक रकमेहून अधिक कर भरणाऱ्यांपुरताच राहिला. रोमकडील अनेक नगरांत भार होता आणि मत नव्हते. येथे भाराच्या मापाने मत मिळू लागले.

‘नगरपालिका’ हा मराठी पर्याय संस्कृत ‘पाल्’ धातूवरून आला असून त्याचा अर्थ नगराचे पालन करणारी संस्था, म्हणजेच कर्तव्याचा भार रहिवाशांवरून संस्थेवर गेला. कायद्याची भाषा मात्र काटेकोर आहे: महाराष्ट्राच्या १९६५ च्या अधिनियमात लहान शहरांच्या संस्थेला ‘नगरपरिषद’ म्हटले आहे, तर १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीत नगरपंचायत, नगरपरिषद व महानगरपालिका या तिन्ही संस्था ‘नगरपालिका’ या एकाच व्यापक संज्ञेखाली येतात. लोकव्यवहारात हा भेद क्वचितच पाळला जातो. नगरपरिषदेच्या गावातही घरपट्टी ‘नगरपालिकेत’च भरली जाते आणि मुंबईच्या वृत्तपत्रांना महानगरपालिकेसाठी नुसते ‘पालिका’ पुरते.