शब्दवेध : नोटरी

‘जरा नोटरी करून आण’ असे आपण सर्रास म्हणतो. मुळात नोटरी हा माणूस; आपण त्याचे काम करून टाकले! लॅटिनमध्ये ‘नोटा’ म्हणजे खूण. झरझर लिहून घेण्यासाठी अशा खुणा वापरणारा तो ‘नोटारियस’, आजच्या भाषेत लघुलेखक. रोममध्ये हे काम बहुधा गुलामांकडे असे. रोमन वक्ता सिसेरोचा लेखनिक तिरो हा आधी त्याचा गुलामच. त्याच्या नावाची लघुलिपी पुढे शतकानुशतके वापरात राहिली. करारपत्रे लिहिणारा वेगळा, तो ‘ताबेलिओ’. पुढे त्याचे काम नोटारियसच्या नावावर चढले. आपल्याकडचे चिटणीस, फडणवीस यांच्यातला फारसी ‘नवीस’ही लिहिणाराच. फरक एवढाच, की ते आडनावांत मुरले आणि नोटरी कोर्टाबाहेर टेबल टाकून बसला.

आजचा नोटरी मात्र बहुतेकदा वकील असतो. 1952 चा नोटरी कायदा आणि 1956 चे नियम यांनुसार अशा वकिलाची किमान 10 वर्षांची वकिली हवी. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना 7 वर्षे पुरतात. प्रमाणपत्र 5 वर्षांचे, नंतर नूतनीकरण. प्रत्येक कामाची नोंद रजिस्टरात करायची, हे सर्वांत महत्त्वाचे आणि, माझ्या मते, सर्वांत दुर्लक्षित कलम.

प्रतिज्ञापत्रावरचा शिक्का एवढेच सांगतो, की अमुक माणसाने माझ्यासमोर शपथ घेऊन सही केली. मजकूर खरा असल्याची हमी नोटरी देत नाही. तेव्हा सही घरी करून कागद दुसऱ्याच्या हाती पाठवू नका, स्वतः जा.