सर्व्हिस कोणाच्या नावाने चालते?

ॲडमिनने स्वतः चालवून पाहिलेला प्रोग्रॅम बिनतक्रार चालतो. तोच सर्व्हिस म्हणून लावला, की रात्री बॅकअपच्या वेळी त्याला झेड ड्राइव्ह सापडत नाही, लॉगची फाइल लिहिता येत नाही, आणि सकाळी पाहावे तर सर्व्हिस बंद. मग घाईघाईने तिला ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते दिले जाते, काम सुरू होते आणि विषय मिटतो. ही सवय मला घातक वाटते. सर्व्हिस ज्या भिंतींवर आदळते, त्यांतल्या बऱ्याचशा कधीतरी झालेल्या किंवा समोर दिसू लागलेल्या नुकसानीनंतर बांधलेल्या आहेत.

सुरुवात बेल लॅब्जमधल्या युनिक्सपासून करू. तिथे एक खाते सर्वाधिकारी: रूट. यंत्र सुरू होताना पडद्यामागचे प्रोग्रॅम रूटच सुरू करी, त्यामुळे रूटचे अधिकार त्यांना आपोआप मिळत. चालवणारा एक आणि अधिकार दुसऱ्याचे, अशी सोय डेनिस रिची यांनी ‘सेटयूआयडी’ने केली, तिच्या पेटंटचा अर्ज १९७३चा आहे. साध्या वापरकर्त्याला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो तिच्यामुळे. १९७५मध्ये जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी तत्त्वही स्पष्ट मांडले: प्रत्येक प्रोग्रॅमला कामापुरतेच अधिकार द्यावेत.

तत्त्व कागदावर आले, तरी यंत्रावर यायला फार वेळ लागला. बर्कलेच्या युनिक्समध्ये १०२४च्या खालचे पोर्ट फक्त रूटला उघडता येतील असा नियम होता. हेतू चांगला होता, पण परिणाम उलटा झाला: टपाल, वेब, लॉगिन अशा ज्या सर्व्हिस बाहेरच्या जगाशी बोलत, त्यांनाच रूट म्हणून सुरू व्हावे लागले. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल हा टपालाचा प्रोग्रॅम २००१च्या ८.१२ आवृत्तीपर्यंत रूटच्या सेटयूआयडीनेच बसवला जात असे. अपाचे वेब सर्व्हरने मधला मार्ग काढला: पोर्ट रूटने उघडायचा आणि येणाऱ्या विनंत्या दुबळ्या खात्याने हाताळायच्या. अनेक ठिकाणी ते खाते ‘नोबडी’ असे. पण सगळ्याच सर्व्हिस ‘नोबडी’च्या नावाने चालू लागल्या, तर एक फुटली की बाकीच्यांच्या फाइलीही उघड्या. म्हणून प्रत्येकीला स्वतःचे खाते हवे. नील्स प्रोव्होस यांनी २००२मध्ये ओपनएसएसएच हा दूरस्थ लॉगिनचा प्रोग्रॅम दुभंगला, तो मला या साऱ्या प्रवासातला सर्वांत सुंदर टप्पा वाटतो. अनोळखी माणसाशी बोलणारा भाग जवळजवळ निःशस्त्र, रिकाम्या फोल्डरात कोंडलेला. रूटचे अधिकार फक्त मागे बसलेल्या छोट्या भागाकडे, आणि तोही ठरावीक प्रश्नांनाच उत्तर देणारा.

विंडोजची शाखा वेगळी. १९९३मध्ये विंडोज एनटी आले, तेव्हापासून सर्व्हिस नोंदवताना खाते दिले नाही, तर ती ‘लोकल सिस्टिम’ म्हणून चालते. हे खाते त्या यंत्रावर ॲडमिनिस्ट्रेटरहूनही जबर. जुलै २००१मध्ये याची किंमत कळली. ‘कोड रेड’ वर्म आयआयएस वेब सर्व्हरमधल्या एका चुकीतून शिरला आणि आत येताच त्याला ‘लोकल सिस्टिम’चेच अधिकार मिळाले. १४ तासांच्या आत साडेतीन लाखांहून अधिक यंत्रे बाधित झाली. विंडोज एक्सपीत ‘लोकल सर्व्हिस’ आणि ‘नेटवर्क सर्व्हिस’ ही कमी अधिकारांची खाती आली. २००३च्या सर्व्हरमधल्या आयआयएसमध्ये संकेतस्थळांचे काम करणारी प्रक्रिया मूळच्या मांडणीत ‘नेटवर्क सर्व्हिस’च्या नावाने चालू लागली.

झेड ड्राइव्हचे कोडेही इथेच सुटते. विंडोज २०००पर्यंत ड्राइव्हची अक्षरे साऱ्या यंत्राला सामाईक होती. एक्सपीपासून प्रत्येक लॉगिनला स्वतःची वेगळी. ॲडमिनने जोडलेला झेड ड्राइव्ह सर्व्हिसच्या लॉगिनमध्ये नसतोच. तिथे सर्व्हर आणि शेअर यांच्या नावाचा पूर्ण मार्गच द्यावा लागतो, आणि त्या शेअरवर सर्व्हिसच्या खात्याला परवानगी असावी लागते. ‘लोकल सिस्टिम’ तर डोमेनच्या नेटवर्कवर यंत्राच्याच खात्याने ओळखली जाते. ॲडमिनला काय दिसते याचा तिच्याशी संबंध नाही.

दुसरे कोडे न दिसणाऱ्या खिडकीचे. एक्सपीपर्यंत पहिला वापरकर्ता आणि सर्व्हिस एकाच सत्रात, शून्य क्रमांकाच्या, असत. साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने सर्व्हिसच्या खिडकीला संदेश पाठवून तिच्याच अधिकारांनी हवे ते करून घेता येते, हे २००२मध्ये जाहीर झाले. व्हिस्टाने सत्र शून्य फक्त सर्व्हिससाठी राखून ठेवले. तेव्हापासून ‘ओके’ची वाट पाहणारी सर्व्हिस कोणालाच न दिसता अडकून पडते. अशा प्रोग्रॅममधली खिडकीच काढून टाकायला हवी. खाते कितीही मोठे दिले तरी ती पडद्यावर येणार नाही.

माणसाचे खाते सर्व्हिसला दिले, की आणखी एक अडचण येते: पासवर्ड बदलला आणि सर्व्हिसच्या नोंदीत जुनाच राहिला, तर पुढच्या रीस्टार्टला १०६९ क्रमांकाची चूक. विंडोज ७पासून ‘एनटी सर्व्हिस’ या नावाखालची आभासी खाती मिळतात. त्यांचा पासवर्ड सांभाळावा लागत नाही. लॉगच्या फोल्डरवर त्या एका नावाला लिहायची परवानगी दिली की पुरते. लिनक्सवर सर्व्हिस सांभाळणारी सिस्टिमडी ‘डायनॅमिकयूजर’ने सर्व्हिस चालू असेपर्यंतच टिकणारा वापरकर्ता तयार करते, आणि पोर्ट ८०साठी संपूर्ण रूट देण्याऐवजी तेवढी एकच क्षमता देता येते. फक्त टिकवायच्या फाइली ‘स्टेटडिरेक्टरी’त ठेवाव्या लागतात. ती नेमली असेल तर सर्व्हिस पुन्हा सुरू होताना तिथल्या जुन्या फाइलींची मालकी नव्या क्रमांकाच्या वापरकर्त्याकडे सिस्टिमडीच सोपवते.