स्वतंत्र कंत्राटदार

ठरलेले काम मोबदल्यात, पण स्वतःच्या पद्धतीने पुरे करून देणारी व्यक्ती वा संस्था. ही संकल्पना इंग्रजी कॉमन लॉमधून भारतात आली. कामगार आणि कंत्राटदार यांतील भेद कराराच्या मथळ्यावरून ठरत नाही. काम कसे करावे हे सांगण्याचा अधिकार कोणाकडे, हे मुख्यतः पाहतात. ध्रांगध्रा केमिकल वर्क्स खटल्यात (1956) मिठागरातील आगरिया (मीठ पिकवणारे) मणावारी मोबदला घेत, त्यांना कामाचे ठरावीक तास नसत, मदतनीसही ते स्वतः ठेवत. तरी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच मानले (पहा : औद्योगिक विवाद अधिनियम, 1947). हा भेद प्रताधिकारातही महत्त्वाचा ठरतो. नोकरीच्या ओघात लिहिलेल्या संगणक प्रणालीचा प्रताधिकार, वेगळा करार नसल्यास, मालकाचा. कंत्राटदाराने लिहिलेलीचा मात्र सामान्यतः त्याचाच, लेखी हस्तांतरण होईपर्यंत. व्यवहारात करारातील हस्तांतरणाचे कलम बरेचदा राहून जाते (पहा : प्रताधिकार).