लक्झरी गाडीची बॅटरी बदलताय? आधी 'एजीएम' आहे का ते बघा, नाहीतर पैसे पाण्यात

ग्रामीण प्रतिनिधी : जुनी बीएमडब्ल्यू, ऑडी, मर्सिडीज आता गावाकडंही दिसू लागली आहे. शहरात सात-आठ वर्षं वापरलेली गाडी नव्या साध्या गाडीच्या भावात मिळते, म्हणून घेतली जाते. खरी अडचण कळते ती पहिली बॅटरी बसल्यावर. तालुक्याला ट्रॅक्टर-जीपच्या बॅटऱ्या मिळतात, त्यातलीच एक टाकली जाते. गाडी चालूही होते, पण थोड्याच दिवसांत पुन्हा तीच बोंब. म्हणून बॅटरी घेताना आणि बदलताना काय बघायचं, त्याची ही माहिती.

एजीएम म्हणजे काय?

साध्या बॅटरीत प्लेटा ॲसिडमध्ये बुडलेल्या असतात. एजीएम बॅटरीत ॲसिड काचेच्या बारीक तंतूंच्या थरात शोषलेलं असतं. ती बंद असते, पाणी टाकावं लागत नाही आणि झाकण उचकटून टाकायचंही नाही.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन परत चालू होणाऱ्या गाडीत (स्टार्ट-स्टॉप) बॅटरीवर दिवसभर मारा असतो. तो साधी बॅटरी सोसत नाही. काही गाड्यांत एजीएमऐवजी 'ईएफबी' प्रकारची बॅटरी असते. नियम सोपा आहे : एजीएमच्या जागी एजीएमच, ईएफबीच्या जागी ईएफबी किंवा एजीएम.

"स्टार्ट-स्टॉपचं बटण बंद ठेवा, साधी चालते," असं कुणी सांगितलं तरी ऐकू नका. गाडीचा कंप्युटर एजीएम समजूनच चार्जिंग करत राहतो आणि साधी बॅटरी लवकर खराब होते.

दुकानात काय बघायचं?

जुन्या बॅटरीवरच्या लेबलचा मोबाईलवर फोटो काढून न्या. आधीच्या मालकानं चुकीची बसवलेली असू शकते, म्हणून गाडीच्या पुस्तकाशीही ताडून बघा.

- अँपिअर : ८०, ९५, १०५ जे असेल तेच घ्या. कमी अजिबात नको.
- सीसीए : सेल्फ मारताना बॅटरी किती जोर देते, त्याचा हा आकडा. जुन्याइतका किंवा जास्त हवा.
- माप : ९५ अँपिअरची साधारण ३५ सेंमी, तर १०५ ची ३९ सेंमी लांब असते. प्लस-मायनसची बाजूही तीच हवी.
- गॅसची नळी : बॅटरी डिक्कीत किंवा सीटखाली असेल तर गॅस बाहेर काढणारी नळी नव्या बॅटरीला जोडलीच पाहिजे.
- तारीख : सहा महिन्यांपेक्षा जास्त पडून असलेली घेऊ नका.
- वॉरंटी : फुकट बदलून मिळण्याचे महिने किती आणि 'प्रो-राटा' म्हणजे किमतीत फक्त सूट मिळण्याचे किती, हे बिलावर लिहून घ्या.

बॅटरी खरंच गेली आहे का?

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी मीटर लावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. १२ च्या खाली उतरली तर आधी चार्ज करून बघा. पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल, तर बदलायची वेळ झाली.

बदलताना

१. गाडी बंद करून चावी लांब ठेवा. कंप्युटर झोपायला अर्धा तास द्या.
२. बऱ्याच बीएमडब्ल्यूंमध्ये बॅटरी डिक्कीत असते. काम होईपर्यंत डिक्की लावू नका, विजेवरचं लॉक अडकलं तर पंचाईत होते.
३. काढताना मायनस आधी, जोडताना प्लस आधी. मायनसजवळच्या सेन्सरला हिसका देऊ नका.
४. मोठी एजीएम २५ किलोच्या आसपास भरते. दोघांनी उचला.
५. बऱ्याच लक्झरी गाड्यांत स्कॅनर लावून नव्या बॅटरीची नोंद कंप्युटरमध्ये करावी लागते. नाही केली तर गाडी जुनीच बॅटरी समजून चार्ज करते. स्कॅनर असलेला मेकॅनिक आधी ठरवा, मगच बॅटरी विकत घ्या.

ट्रकवरून स्टार्टर देऊ नका

बहुतेक मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते आणि आपली गाडी १२ ची. कंप्युटर जळाला तर खर्च बॅटरीच्या कित्येक पट जातो. १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडायचीच असेल तर ट्रॅक्टरचं इंजिन बंद ठेवा. बॅटरी डिक्कीत असली तरी बोनेटखाली जंपसाठी वेगळे पॉइंट असतात, तिथंच वायर लावा.

लग्नकार्यापुरतीच निघणारी गाडी

आठवडे-आठवडे उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. त्यात नंतर बसवलेला डॅशकॅम, जीपीएस असेल तर आणखी लवकर. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, नुसतं दारात सुरू करून उपयोग नाही. नाहीतर एजीएमची सोय असलेला चार्जर लावा.

जुनी बॅटरी

घरी फोडू नका, जाळू नका. शिसं आणि ॲसिड विहिरीच्या पाण्यात, जनावरांच्या पोटात जातं. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार जुनी बॅटरी इतर कचऱ्यात न टाकता गोळा करणाऱ्याकडे किंवा रिसायकलवाल्याकडेच द्यायची आहे. नवी घेताना दुकानदाराला द्या, तिची किंमत बिलातून वजा करून घ्या आणि पक्कं बिल जपून ठेवा. वॉरंटी मागताना तेच कामाला येतं.